वीराचा अंगरखा

टाचणी बाहीच्या आत राहिली होती — दुकानातल्या घडीची, पांढऱ्या मण्याच्या डोक्याची, अजून चकचकीत — आणि ती अंगठ्यात शिरली तेव्हा जयश्रीला आधी दुखलं नाही, आधी हायसं वाटलं, की आत्ताच सापडली. परवा ती सुकदेवनानांच्या दंडात शिरली असती तर नानांनी बाही उलटी केली असती, आणि बाही उलटी केली की ही नवी टाचणी हातात येते, आणि टाचणी हातात आली की… तिनं अंगठा तोंडात घातला. रक्ताची चव आली तसं तिला वाटलं, एखादा रक्ताचा डागही चालला असता. जुन्या अंगरख्यावर कितीतरी डाग होते, पण कुठला डाग कशाचा हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिनं टाचणी डब्यात टाकली आणि अंगरखा पुन्हा बादलीत दाबला.

बादलीत चहा होता. गल्लीच्या तोंडाशी चहाची लारी होती तिथून तिनं उकळलेल्या चोथ्याची पिशवीच मागून आणली होती, तुळशीला घालते म्हणून, आणि लारीवाला हसला होता की बेन, तुमची तुळस आहे का वड आहे? तीही हसली होती. हसताना तिच्या मनात आलं की आपण आता इतकं सहज खोटं बोलतो की समोरच्याला त्यात गंमत वाटते. पहिलं खोटं बोलताना तिनं मान वर केली नव्हती. त्यानंतरची सगळी त्या पहिल्याच्या मागे आपोआप आली, बैलगाडीमागे धूळ यावी तशी, आणि आज हे शेवटचं — शेवटचं म्हणजे, उद्या सकाळच्या पॅसेंजरनं गावाला जायचं, संध्याकाळी होळी, परवा धुळवड, आणि धुळवडीला वीर. त्याच्या पुढचं काही तिला दिसतच नव्हतं.

सकाळी मिलला निघताना तिचा नवरा भटू चपला घालता घालता म्हणाला होता, “आज जरवालाकडथून तो अंगरखा लई ये बरं. मी उनू का माले दखाड.”

“हो,” ती म्हणाली होती. नुसतं हो. भाकरी तव्यावर होती, ती तिनं उलटवली.

त्याच्या आवाजात संशय नव्हता, तेच वाईट होतं. संशय असता तर तिला चिडता आलं असतं. भटू सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात, आयुष्यभर कापड हाताळलेला माणूस, चिमटीत धरून सुती किती नि दुसरं किती ते सांगणारा — आणि तोच माणूस घरात मात्र सांगितलेलं सगळं खरं मानून चालायचा. जर लावायला दिलाय म्हटलं, मानलं. कारागीर दिवाळीला गावी गेलाय म्हटलं, मानलं. मग डिसेंबरात त्याची आई गेली, आणि त्यानंतर अंगरख्याचं कुणी विचारलंच नाही, तेव्हा जयश्रीला वाटलं होतं की आता हे असंच विसरून जाईल. देवाधर्माचं कुणी विसरत नसतं हे तिला कळायला हवं होतं.

भटूच्या घराण्यात फार पूर्वी कुणी एक जण गावाच्या वेशीवर लढता लढता गेलेला. त्याचं नावही धड कुणाला माहीत नाही. पण चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक आहे, घोड्यावर बसलेला, आणि दर धुळवडीला घरातला कर्ता पुरुष त्याचा अंगरखा घालून, टाक हातात घेऊन, डफाच्या तालावर विझत्या होळीभोवती नाचतो. आधी सासरे नाचायचे. ते गेल्यावर थोरले दीर, सुकदेवनाना. अंगरखा अंगात गेला की नानांच्या अंगात वारं येतं — एरवी चार शब्द न बोलणारा माणूस गावभर ऐकू जाईल असा हुंकारतो, आणि बायका त्याच्या पायांवर पाणी ओतून छातीला हळदकुंकू लावतात. लग्नानंतरच्या पहिल्या धुळवडीला जयश्रीनंही लावलं होतं. बोट लावलं तेव्हा कापडाखाली नानांचं काळीज धडधडत होतं, आणि ती घाबरून मागे सरली तशी सासू, धुरपदाबाई, मागून म्हणाली होती, भ्याव नको, तो तुनाच शे. तो तुझाच आहे… तेवढंच काय ते त्या बाईनं आपल्याला दिलं, असं तिला पुढे किती वेळा वाटलं होतं.

तो अंगरखा जयश्रीनं जाळला होता.

मुद्दाम नाही हो. तिनं बादलीतल्या पाण्याला सांगितलं. मुद्दाम कोण जाळेल? गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाला गावी गेले तेव्हा धुरपदाबाईनं स्वतः तो तिच्या हातात दिला होता, की काठाची जर झिजली, तुमच्या सुरतेत जरीचं काम होतं, लावून आण. तुमच्या सुरतेत — हे म्हणताना तिचा ओठ थोडा वाकडा व्हायचा, सुरत म्हणजे जयश्रीच्या माहेरचं काही असल्यासारखं. जयश्री घरी साड्यांना लेस लावायचं काम करायची, जरवाले तिच्या ओळखीचे, म्हणून अंगरखा भटूच्या नाही, तिच्या हातात आला. तिनं तो फडक्यात बांधून गाठोड्यात ठेवला, ट्रंकेमागे. आज देऊ, उद्या देऊ. आणि मग भादव्यात तो रोग आला, प्लेग.

आता लोक त्याबद्दल हसून बोलतात. पण तेव्हा लिंबायतच्या गल्ल्या एका रात्रीत रिकाम्या झाल्या होत्या, स्टेशनवर माणसं डब्यांच्या दारांना लोंबकळत होती, माग बंद, मिल बंद, आणि कधी नव्हे ती एवढी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. त्यांनाही निघायचं होतं. पण भटूला ताप चढला. लेक सोनाली कोपऱ्यात तोंडाला ओढणी बांधून बसली होती. कुणी म्हणत होतं पिसवांनी येतो, पिसवा जुन्या कापडात राहतात, गोधड्या जाळा. आणि ट्रंकेमागून वास आला म्हणून तिनं वाकून बघितलं तर गाठोड्यावर उंदीर मरून पडला होता. गाठोड्यावरच, बरोबर मध्ये. तिनं गाठ सोडली नाही. काठीनं ते गाठोडं ओढत ओढत बाहेर नेलं, शेजारच्या मालतीबाई गल्लीत त्यांच्या गोधड्या जाळत होत्या त्याच जाळावर लोटलं, आणि घासलेट ओतलं. आत काय आहे ते तिला आठवलं तेव्हा राखेत काहीतरी तारांसारखं लुकलुकत होतं. खरी जर जळत नाही, तिची चांदी मागे राहते. सकाळी म्युन्सिपाल्टीचा ट्रॅक्टर आला आणि राख, चांदी, सगळंच घेऊन गेला. भटूचा ताप साधा मलेरियाचा निघाला.

एवढंच होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर एवढंच राहिलं असतं. पण भटू उठून बसेपर्यंत आठवडा गेला, आणि तो आठवडा संपेपर्यंत ती एकदा म्हणून गेली होती की जरवाल्याकडे दिलाय. आणि मग डिसेंबर… धुरपदाबाई खाटेवर, तोंडात पाणी जात नव्हतं, आणि जयश्री पाय चेपायला बसली तर त्या सावकाश म्हणाल्या, “अंगरखा झाया का वं?” ती म्हणाली, “झाया, आत्याबाई.” म्हातारीनं मान हलवली. दोन दिवसांनी गेल्या.

आता कुणाला कळलं तर भाद्रपदात अंगरखा जळाला नि मार्गशीर्षात म्हातारी गेली, हे जोडायला काय लागतं? मी नसतं जोडलं? दुसऱ्या कुणाच्या घरात झालं असतं तर नळावर पाणी भरताना मीच पहिली म्हणाले असते, वीराचा कोप झाला. जोडलेलंच आहे मी. रात्री नाही, दिवसाढवळ्या, भाजी निवडताना जोडते. सुकदेवनाना काही ओरडणार नाहीत, ते फक्त भटूकडे बघतील, आणि भटू तिच्याकडे, आणि त्यानंतर जन्मभर त्या घरात ती सासूला खाल्लेली सून असेल. सोनालीच्या लग्नातसुद्धा.

तिनं अंगरखा पिळला आणि उजेडाला धरला.

रंग चांगला चढला होता. चौटा बाजारच्या त्या दुकानदारानं आधी सॅटिनचेच दाखवले होते, चमचम करणारे, नाटकाचे, नवरात्रीचे, लग्नाचे, सोबत खोट्या मोत्यांची माळ आणि चिकटवायच्या मिशा फुकट. “बेन, राजानो फुल सेट छे!” तिनं सुतीच पाहिजे म्हणून हट्ट धरला तेव्हा त्यानं कपाळावर आठ्या घालून वरच्या फळीवरून एक काढला — कुठल्याशा नाटकवाल्यांनी सांगितलेला आणि कधी न नेलेला. सुती, बंदाचा, ढगळ. मिशा त्यानं तरीही पिशवीत टाकल्याच. त्या मिशा आता चुलीशेजारी पडल्या होत्या आणि मघापासून तिची नजर चुकून तिकडे गेली की तिला धस्स व्हायचं. तिनं उठून त्या राखेच्या डब्यात टाकल्या.

आणि मग तिला ते दिसलं. कापडानं चहा घेतला होता, पण शिवणीनं नाही.

सगळा अंगरखा तपकिरी, जुनाट, हवा तसा — आणि त्याच्या खांद्यावरून, बाहीवरून, कडेनं पांढऱ्याशुभ्र टाक्यांची रांग, मशीनची, एकसारखी, दात काढून हसणारी. कापड सुती होतं, दोरा पॉलिस्टरचा. ज्या गल्लीत रोज हजारो वार तसला दोरा तिच्या हाताखालून जातो, तिथं राहून तिला हे सुचलं नव्हतं. दुसरा कुणी कदाचित बघणारही नाही, पण भटू… रंगखात्यातला माणूस आधी शिवणच बघतो, दोऱ्यानं रंग घेतला नाही की माल परत येतो हे त्यानंच तिला कितीदा सांगितलं होतं, जेवता जेवता, कंटाळा येईपर्यंत. ती तशीच ओल्या फरशीवर बसून राहिली. बाहेर माग खटखट करत होते, एक थांबला की दुसरा जास्त ऐकू यायचा. वाटलं, सोडून द्यावं. वाटलं, जाऊन सांगावं की हरवला, रिक्षात राहिला. पण रिक्षात राहिला म्हटलं तरी अंगरखा नसणारच, आणि नाना अंगरख्याशिवाय नाचणार नाहीत, आणि न नाचलेल्या वर्षी जे जे होईल ते सगळं पुन्हा…

सोनाली शाळेत होती. दुपार समोर होती. तिनं ब्लेड घेतलं आणि शिवण उसवायला बसली.

पांढरा दोरा निघाला. जुन्या गोधडीतून तिनं सुती दोरा ओढून काढला, मळका, मऊ, मधेच तुटणारा, आणि पहिला टाका घातला तेव्हाच तिचा हात थांबला. जुन्या अंगरख्याची शिवण अशी नव्हती. ती कशी होती? तिनं डोळे मिटले. सासरे गेल्यावर तो सगळा उसवून धुरपदाबाईनंच पुन्हा शिवला होता, आणि धुरपदाबाई डावखुऱ्या होत्या. त्यांचे टाके उलटीकडे कललेले असायचे, लांब, ओढून धरलेले. चोळ्यांवर, गोधड्यांवर, सोनालीच्या पहिल्या दुपट्यावर… मला माहीत आहेत ते. मला नीट माहीत आहेत. जयश्रीनं सुई डाव्या हातात घेतली.

आधी काहीच जमेना. सुई कापडात जाण्याऐवजी बोटात जायची. मग हळूहळू हाताला कळलं की मनगट आत वळवावं लागतं, कोपर पोटाशी धरावं लागतं, मान जराशी उजवीकडे — आणि ती तशी बसली, आणि तिला आठवलं की ओसरीवर धुरपदाबाई अगदी अशाच बसायच्या, मान उजवीकडे टाकून, आणि ती मनात म्हणायची, काय ही बाई वाकडं तोंड करून बसते. वाकडं तोंड नव्हतं ते. तसं बसल्याशिवाय टाका पडतच नाही. इतकी वर्षं मी त्या तोंडाचा राग धरला, आणि ती फक्त शिवत होती. तिला एकदम हुंदका आला आणि तिनं तो दाबला, कारण डोळ्यांत पाणी आलं की टाका चुकतो आणि वेळ नव्हता.

शिवण झाली. कोपरं तिनं न्हाणीच्या दगडावर घासली, खालची कड किसणीवर ओढली, बंदांना तेलकट हातांनी चोळून चोळून मळवलं. छातीवर हळदकुंकू बोटांनी लावून ओल्या फडक्यानं पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. मग ठिणग्यांची भोकं. विझत्या होळीभोवती नाचताना अंगरख्याच्या घेराला निखारे उडून बारीक भोकं पडलेली असत, काळ्या कडांची. तिनं उदबत्ती पेटवली आणि एकेक करून टेकवू लागली. कापड आधी पिवळं व्हायचं, मग तपकिरी, मग एकदम आत गळायचं, आणि तो वास… सुती कापड जळल्याचा तोच वास. एक भोक नको तेवढं मोठं झालं. मी पुन्हा तोच जाळते आहे, तिला वाटलं, तेव्हा एकदम जाळला, आता थोडा थोडा. तिनं उदबत्ती पाण्यात बुडवली. भोकं पुरे झाली होती. काठाची नवी जर तिनं कालच आणून ठेवली होती, ती लावली. ती नवीच असायला हवी होती, तेवढी एक गोष्ट आज खरी होती.

पण काखा कोऱ्या होत्या.

तिनं अंगरखा वळणीवर टाकून लांबून बघितला आणि तिला ते लगेच कळलं. माणूस कपड्यात राहिला की काखेत उमटतो. कॉलर बदलता येते, बाही बदलता येते, काख नाही लपत. तिनं मिठाचं पाणी लावून बघितलं, तर ते वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या, मिठागरासारख्या. भटूचा न धुतलेला बनियन घासून बघितला. काही नाही. घाम अंगातूनच यावा लागतो, आणि घरात अंग तिचंच होतं.

वीराच्या अंगरख्याला बायका हात लावत नसत, म्हणजे हळदकुंकवापुरता लावत, आणि घरातली थोरली बाई घडी घालायला, उसवलं तर शिवायला लावे. बाईनं तो अंगात घालायचा, हा प्रश्नच कधी कुणाला पडला नव्हता, म्हणून त्याची मनाईसुद्धा कुणी केलेली नव्हती. जयश्रीनं दाराला आतून कडी घातली. अजून हा नुसता बाजारातला कपडा आहे, ती स्वतःशी म्हणाली, अजून तो वीराचा झालेला नाही. साडी सोडून परकर-पोलक्यावर तिनं तो चढवला, बंद बांधले, स्टो पेटवला आणि उद्याच्या वाटेसाठी दशम्या करायला बसली. मार्चातली सुरत, खिडकी बंद, स्टोचा भपकारा. घाम यायला वेळ लागलाच नाही.

तो तिला मोठा होत होता. खांदे बाहेर लोंबत होते. पण थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण मांडी घालून, पाठ ताठ करून बसलो आहोत, हात रुंद टाकून कणीक मळतो आहोत, आणि हे असं आपण घरात कधी बसत नाही. ती उठली. दोन पावलं चालून बघितली. वारं वगैरे काही आलं नाही. यायचं कारण नव्हतं. पण आत कुठेतरी राग होता, हे तिला स्वच्छ दिसलं — कुणा एकाचा नाही, नानांचा, भटूचा, मेलेल्या म्हातारीचा, गाठोड्यावर येऊन मरणाऱ्या त्या उंदराचासुद्धा. त्या आठवड्यात भटूला मी जगवला. गल्ली ओस पडली होती, दवाखान्याच्या दारातून हाकलत होते, मी त्याचं अंग पुसलं, मी त्याच्या उशाशी बसले, मला लागण झाली असती तर झाली असती. त्याचं काय? ते कुणी जोडणार नाही. म्हणजे वीर फक्त वेशीवरच… तिनं तो विचार तिथंच टाकला. तसलं मोठं मोठं तिला सहन होत नसे.

कडी वाजली.

“जयश्री, वं जयश्री! भर दुपारले दार का लाई लिधं वं?”

मालतीबाई. अंगरखा काढायचा तर बंदांच्या गाठी घामानं घट्ट बसलेल्या. तिनं खाटेवरची चादर ओढून गळ्यापासून पायांपर्यंत गुंडाळली आणि दार वीतभर उघडलं.

“डोकं दुखी राह्यनं,” ती म्हणाली.

“ताप शे का?” मालतीबाई एक पाऊल मागे सरल्या. गेल्या वर्षीपासून ताप हा शब्द गल्लीत कुणी हळूच उच्चारायचं. मग त्यांनाच त्याची लाज वाटली असावी, कारण त्या पुढे झाल्या आणि त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. “केवढी तपेल शे!”

“स्टोपुढे होती.”

“उद्या आम्ही बी त्याच गाडीले शेत. संगेच निघूत.” त्यांची नजर जयश्रीच्या खांद्यावरून आत गेली, वळणीवर, बादलीवर, पुन्हा तिच्यावर. “तुमना वीर शे ना परवा? अंगरखा भेटना का जरवालाकडथून?”

“भेटना. आजच.”

“चांगलं व्हयनं.” त्या गेल्या नाहीत. पदराच्या टोकाशी चाळा करत उभ्या राहिल्या. “एक सांगू का? तवय आपण जाळं ना, त्या राखमा काहीतरी चमके. मी इचारं नही तुले कधी.”

मागांची खटखट त्या क्षणी थांबली असती तर बरं झालं असतं किंवा वाईट, जयश्रीला ठरवता येईना. “वाटी-बिटी व्हई,” ती म्हणाली.

“व्हई,” मालतीबाई म्हणाल्या. “वाटीच व्हई.” आणि त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं, आजाऱ्याच्या खोलीचं ओढावं तसं, हळू.

दार लागल्यावर जयश्रीनं खाली बघितलं. चादरीखालून एक बंद घोट्यापर्यंत लोंबत होता, चहाच्या रंगाचा. त्यांना माहीत होतं? आधीपासून? माहीत असून इतके महिने माझ्याबरोबर पाणी भरत होत्या, पापड लाटत होत्या? की आत्ता कळलं? की काहीच नाही, नुसता एक लोंबता बंद… उद्या एकाच डब्यात बसायचं होतं. स्टेशनावर नाना उतरवून घ्यायला येणार, मालतीबाई त्यांना राम राम म्हणणार, आणि एक वाक्य, सहज बोलायचं म्हणून एखादं वाक्य… तिनं गाठी दातांनी सोडल्या. अंगरखा अंगावरून निघाला तेव्हा काखांत दोन मोठे ओले गोल उमटले होते. तिनं तो स्टोपुढे धरून वाळवला, मग तोच पुन्हा घातला, पुन्हा वाळवला. गोलांना कडा आल्या, एकात एक. अगदी हवं होतं तसंच.

भटू आला तेव्हा अजून उजेड होता. सोनाली बाहेर गल्लीत मुलींबरोबर गुजरातीत भांडत होती. तो हातपाय धुऊन आला — नखांत आज हिरवा रंग होता, तो काही निघत नाही — हात त्यानं दोनदा पुसले आणि पाटावर ठेवलेल्या अंगरख्याला आधी वाकून नमस्कार केला. तो नमस्कार करत होता तेव्हा जयश्रीनं दुसरीकडे बघितलं.

त्यानं तो दोन्ही हातांवर घेतला आणि खिडकीशी नेला. ती चुलीजवळच उभी राहिली. त्याचा अंगठा काठावरून फिरला. “जर चांगली लाई,” तो म्हणाला. मग अंगठा कापडावर आला, चिमटीत धरून त्यानं ते जरासं चोळलं, सवयीनं, मिलमध्ये करतो तसं. मग शिवण. अंगठा शिवणीवरून हळूहळू खांद्याकडे चढला, थांबला, पुन्हा खाली आला, पुन्हा चढला. इतका वेळ कुणी शिवण बघत नाही. झालं, तिला वाटलं. आता वळेल.

तो वळला नाही. त्यानं अंगरखा गोळा करून तोंडाशी नेला आणि त्यात चेहरा घातला.

आधी तिला कळलंच नाही. मग त्याचे खांदे हलताना दिसले. डिसेंबरात हा माणूस रडला नव्हता. लाकडं आणली, माणसं बोलावली, नानांना धरून बसवलं, दहाव्याला कावळा शिवेना तर तासभर उन्हात उभा राहिला, पण रडला नव्हता, आणि बायका आपसात म्हणाल्या होत्या की सुरतेला राहून काळीज कोरडं पडलं. आता तो खिडकीशी उभा राहून लहान मुलासारखा रडत होता, आवाज न करता, नाक कापडात खुपसून.

“माय हाऊ उशाले ली झोपे,” तो कापडातूनच म्हणाला. “बाप गया तवपासून. रोज. नानाले बी ठाऊक नही, मालेच ठाऊक शे.” त्यानं कापड आणखी घट्ट धरलं. “हाऊ इकडे दिधा नि तिनी झोप गई. माले सांगे, भटू, लवकर लई ये रे, डोळा लागत नही.”

तिनं भिंतीला हात टेकला. पकडली गेले नाही — हे तिला समजत होतं, जे होऊ नये म्हणून दिवसभर हाडं मोडली ते झालं नव्हतं, सहा महिने पोटात वागवलेली भीती आता उतरायला हवी होती. ती उतरली, आणि तिच्या जागी दुसरं येऊन बसलं. झोप गेली. लोक जे जोडतील म्हणून ती घाबरत होती ते कोपाबिपाचं होतं. हे खरं होतं. म्हातारी रात्र रात्र टक्क जागी राहून उशाशी अंगरखा चाचपत असेल. झाया का वं. झाया, आत्याबाई. मी झोप जाळली तिची. आता कुणाची क्षमा मागायची?

आणि तो अजून तसाच उभा होता. त्याचा चेहरा काखेपाशीच होता, जिथं ते गोल होते तिथंच, आणि तो खोल श्वास घेत होता, पुन्हा पुन्हा, संपून जाईल म्हणून घाबरल्यासारखा. अकरा वर्षांच्या संसारात त्यानं तिच्या अंगाला कधी असं तोंड लावलं नव्हतं. दमून येतो, जेवतो, झोपतो. त्याचं काही चुकत नाही. पण असं कधी नाही. आत्ता, आज दुपारी, या स्टोपुढे आलेला तिचा घाम तो आईचा म्हणून छातीत भरून घेत होता. जयश्रीला लाज वाटली, आणि लाजेच्या आतून काहीतरी वर आलं जे तिला आवरेना, जे मघाच्या रागासारखं होतं आणि नव्हतंही — त्याचं डोकं जवळ घ्यावं, आणि त्याला गदागदा हलवावं, दोन्ही. उद्याची गाडी, नाना, मालतीबाई, सगळं कुठेतरी लांब गेलं. ओळख ना. एवढं जवळ तोंड नेलंयस तर ओळख. आईचा नाही हा वास, कुणाचा आहे ते नीट ओळख, आणि मग काय म्हणायचं ते म्हण, नानांपुढे उभी कर, घराबाहेर काढ, पण एकदा ओळख… तिनं ओठ घट्ट मिटून धरले होते, आणि तो म्हणत होता, माय, माय.